शून्य उत्तराचा अर्थ : वर्धा परिसरातील लेखनाच्या संदर्भात तारांकित व पदबंध-शोधाची चिकित्सा

महात्मा गांधी १९३६ च्या एप्रिलअखेर वर्ध्याजवळच्या ज्या खेड्यात राहावयास गेले, त्याचे नाव तेव्हा सेगाव होते. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव आधीपासूनच प्रसिद्ध होते आणि ते मुंबई-नागपूर लोहमार्गावर होते. परिणामी सेगावची पत्रे शेगावला जाऊ लागली. एका अक्षराच्या फरकाने उद्भवलेला हा घोटाळा अखेर १९४० साली गावाचे नाव ‘सेवाग्राम’ असे बदलून मिटविण्यात आला. टपालाची अडचण त्यामुळे संपली. अभ्यासकाची मात्र तेथूनच सुरू झाली. या परिसरासंबंधीच्या लेखनात आता एकाच स्थळाची ‘सेगाव’, ‘सेगांव’, ‘शेगाव’, ‘शेगांव’ आणि ‘सेवाग्राम’ अशी निदान पाच रूपे आढळतात. शिवाय त्यांपैकी दोन रूपे दुसऱ्याच एका गावाची म्हणूनही तितकीच खरी आहेत.

छापील ग्रंथाच्या काळात हा प्रश्न सूचिकार सोडवीत असे. तो पृष्ठ वाची, गाव कोणते ते ओळखी, आणि निरनिराळी रूपे एका मथळ्याखाली आणी. गांधीजींच्या समग्र वाङ्मयाच्या शंभर खंडांच्या इंग्रजी आवृत्तीत अठ्ठ्याण्णवावा खंड विषयसूचीस व नव्याण्णवावा व्यक्तिसूचीस दिलेला आहे, यावरून या कामाचे मोल त्या संपादकांस किती वाटत होते हे दिसते. आज सूचिकाराची जागा मजकूर-शोधाच्या यंत्रणेने घेतली आहे. अभ्यासक चौकटीत शब्द लिहितो, क्षणार्धात उत्तर येते आणि उत्तर शून्य आले तर ‘या संग्रहात हा शब्द नाही’ असा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष पुढे प्रबंधांत जातो आणि ‘अमुक काळापर्यंत ही संज्ञा रूढ नव्हती’ अशा विधानाचा आधार बनतो. म्हणून शून्य उत्तर कशामुळे येते, याची चिकित्सा हा केवळ यंत्रज्ञाचा विषय नव्हे. तो प्रमाणशास्त्राचा विषय आहे.

(१)

शोधयंत्रणा मूळ मजकूर वाचीत नाही, ती सूची वाचते. ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. ल्युसीन ही १९९९ साली सुरू झालेली यंत्रणा, आणि तिच्यावर उभारलेल्या सोलर व इलॅस्टिकसर्च या यंत्रणा, मजकूर आत घेतानाच त्याची पदे पाडतात. विश्लेषक म्हणून ओळखला जाणारा भाग विरामचिन्हे टाकतो, वर्णांचे प्रमाणीकरण करतो, सांगितले असल्यास ‘आणि’, ‘व’, ‘हा’ यांसारखी पदे वगळतो आणि प्रत्यय छाटतो. उरलेली पदे वर्णक्रमाने लावली जातात आणि प्रत्येक पदापुढे ते कोणत्या लेखात कितव्या स्थानी आले याची नोंद होते.

ही कल्पना आपल्या परंपरेस अपरिचित नाही. वेदपाठकांनी संहितापाठाशेजारी पदपाठ ठेवला तो सलग मजकुराची पदे निश्चित व्हावीत म्हणूनच. क्रमपाठात पहिले-दुसरे, दुसरे-तिसरे, तिसरे-चौथे अशा जोड्या म्हटल्या जातात. त्यामुळे कोणते पद कोणत्या पदाच्या लगत आहे हे अभंग राहते. आजच्या काही शोधयंत्रणा पदबंध-शोध वेगाने व्हावा म्हणून लगतच्या दोन-दोन पदांच्या जोड्या सूचीत घालतात. रचना तीच, हेतू निराळा. कर्नल जेकब यांचा उपनिषदे व गीता यांचा पदकोश १८९१ साली मुंबईत निघाला आणि ब्लूमफील्ड यांचा वैदिक कोश १९०६ साली प्रसिद्ध झाला. या कोशांत आरंभ ठाऊक असलेला शब्द वा चरण तत्काळ सापडतो. केवळ अंत्यभाग ठाऊक असेल तर सारा कोश चाळावा लागतो. शोधयंत्रणेची सूचीही वर्णक्रमानेच लावलेली असल्यामुळे ही मर्यादा तिलाही चुकलेली नाही.

(२)

तारांकित शोधात, म्हणजे ज्यास वाइल्डकार्ड म्हणतात त्यात, तारका (*) ही शून्य किंवा कितीही वर्णांच्या जागी येते आणि प्रश्नचिन्ह (?) नेमक्या एका वर्णाच्या जागी. मराठीचा अभ्यासक तारकेकडे वळतो याचे कारण उघड आहे. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जातात. ‘सेवाग्राम’ शोधणाऱ्यास ‘सेवाग्रामात’, ‘सेवाग्रामचा’, ‘सेवाग्रामहून’ ही रूपे हवीच असतात. ‘सेवाग्राम*’ लिहिले की ती मिळतात. परंतु या सुलभ यशामुळे एक गैरसमज दृढ होतो. तारका प्रत्यय ओळखते असे वाटू लागते. वस्तुतः ती केवळ पुढील वर्णांकडे दुर्लक्ष करते.

‘सूत’ या शब्दाचे उदाहरण घ्यावे. वर्ध्याच्या वाङ्मयात याहून महत्त्वाचा शब्द क्वचितच असेल. सामान्यरूप होताना त्यातील दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो : सूत, परंतु सुताचा, सुतात, सुताने. म्हणून ‘सूत*’ या शोधास ‘सुताचा’ सापडत नाही. त्याऐवजी ‘सूतक’ मात्र सापडते. उलट ‘सुत*’ लिहिले तर ‘सुताचा’ मिळते आणि त्याबरोबर ‘सुतार’ व ‘सुतळी’ही येतात. दोन्ही शोध एकत्र करून अनिष्ट शब्द हाताने वगळणे हाच येथे प्रामाणिक मार्ग आहे. ‘चरखा*’ या शोधाचीही हीच गत होते. ‘चरख्यावर’, ‘चरख्याचे’ या रूपांत ‘खा’ राहत नाही. ‘चरख*’ असे आखूड मूळ घेतल्याविना ती हाती लागत नाहीत.

खुद्द वर्ध्याच्या नावाने हा दोष अधिक स्पष्ट होतो. ‘वर्धा’ या नावाची ‘वर्ध्यात’ आणि ‘वर्धेत’ अशी दोन्ही सप्तम्यंत रूपे लेखनात येतात. ती दोन्ही मिळावीत म्हणून ‘वर्ध*’ लिहिले की ‘वर्धन’, ‘वर्धमान’, ‘वर्धापन’, ‘वर्धिष्णू’ असा सारा समुदाय आत येतो. मग अभ्यासक प्रश्नचिन्हाचा आश्रय करतो आणि ‘वर्ध?त’ असे लिहितो. त्यास ‘वर्धेत’ सापडते, ‘वर्ध्यात’ सापडत नाही. कारण प्रश्नचिन्ह अक्षर मोजीत नाही, संकेतबिंदू मोजते. ‘वर्धेत’ या रूपात ‘ध’ आणि ‘त’ यांच्यामध्ये एक मात्रा आहे. ‘वर्ध्यात’ या रूपात हलन्तचिन्ह, य आणि काना असे तीन बिंदू आहेत. डोळ्यास जे एक जोडाक्षर दिसते ते यंत्रास अनेक वर्णांची रांग असते. देवनागरीत प्रश्नचिन्हाचा उपयोग करणाऱ्याने ही मोजणी मनात धरलीच पाहिजे.

आरंभीच्या तारकेचा प्रश्न निराळा आहे. वर्ध्याच्या परिसरातील ‘नालवाडी’, ‘मगनवाडी’ अशी स्थळनामे एकत्र पाहावयाची असतील तर ‘*वाडी’ असा शोध स्वाभाविक वाटतो. परंतु सूची आद्याक्षराने लावलेली असल्यामुळे अशा शोधास सर्व पदे तपासावी लागतात, आणि म्हणूनच ल्युसीनचा नेहमीचा प्रश्नवाचक असा शोध मुळात स्वीकारीत नाही. परवानगी स्वतंत्रपणे द्यावी लागते. प्रत्येक पद उलटे करूनही सूचीत ठेवणे हा यावरील रूढ उपाय आहे; त्यायोगे अंत्यभागाचा शोध आरंभीच्या भागाचा होतो. पण ‘मगनवाडीत’, ‘नालवाडीला’ यांसाठी ‘*वाडी*’ असे दोन्हीकडून मोकळे सूत्र लागते, आणि तेथे उलट्या सूचीचाही उपयोग होत नाही. पदाचे तीन-तीन वर्णांचे तुकडे सूचीत घालणे हाच मग पर्याय उरतो. त्याने सूचीचा आकार बराच वाढतो.

(३)

अवतरणचिन्हांत लिहिलेल्या पदबंधाचा शोध हा अधिक काटेकोर मानला जातो, आणि तो तसा आहेही. परंतु काटेकोरपणा आणि परिपूर्णता या एक गोष्टी नव्हेत. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेतून जी योजना निघाली तिला लोक ‘वर्धा योजना’ म्हणू लागले. हा पदबंध अवतरणचिन्हांत शोधला असता ‘वर्धा योजनेचा’ सापडत नाही, कारण दुसरे पद निराळे आहे. ‘वर्धा शिक्षण योजना’ सापडत नाही, कारण मध्ये एक पद आले आहे. ‘वर्धा शिक्षणयोजना’ सापडत नाही, कारण तेथे समास जोडून लिहिला आहे. तिन्ही ठिकाणी योजना तीच आहे आणि तिन्ही ठिकाणी उत्तर शून्य आहे.

येथे बहुतेक अभ्यासक एक चूक करतात. ते अवतरणचिन्हांच्या आतच तारका घालून “वर्धा योजन*” असे लिहितात. ल्युसीनचा नेहमीचा प्रश्नवाचक अवतरणातील तारकेस तारका समजत नाही. तो तिला विश्लेषकाकडे देतो, विश्लेषक तिला विरामचिन्ह मानून टाकून देतो, आणि प्रत्यक्षात शोध होतो तो ‘वर्धा योजन’ या पदबंधाचा. तसा पदबंध कोठेच नसतो. शोधकास मात्र आपण अधिक व्यापक प्रश्न विचारला असून त्याचेही उत्तर नकारार्थी आले असे वाटते. दोषाची सूचना कोठेही मिळत नाही. या मौनामुळेच हा दोष घातक ठरतो.

यासाठी निराळी साधने आहेत. पदबंधात तारका मानणारा वेगळा प्रश्नवाचक ल्युसीनमध्ये आहे; पदांमधील अंतर व क्रम सांगणारे शोधही आहेत. इलॅस्टिकसर्चमध्ये पदबंधाचे शेवटचे पद अपूर्ण ठेवण्याची सोय आहे. परंतु ही साधनेही डोळे झाकून वापरण्याजोगी नाहीत. शेवटच्या अपूर्ण पदाचा विस्तार करताना इलॅस्टिकसर्च पूर्वनियोजित मर्यादेनुसार सूचीतील पहिली ५० पदेच घेते. मूळ लांब असेल तर बाध येत नाही. पण कोणी ‘वर्धा य’ इतकेच लिहून थांबले तर ‘योजना’ त्या पन्नासांत येण्याची शक्यता फार थोडी. ल्युसीनमध्येही एका शोधात किती पर्यायी पदे घ्यावीत यास सामान्यतः १,०२४ ही सीमा असते. ती ओलांडली की शोध थांबतो व तसे कळविले जाते. या दोन वर्तनांत दुसरेच अभ्यासकास हितावह आहे. अपुरे उत्तर पूर्ण म्हणून देण्यापेक्षा नकार देणे बरे.

पदांमधील अंतर सैल करण्याचीही सोय आहे. “वर्धा योजना”~१ असे लिहिले असता मध्ये एक पद चालते आणि ‘वर्धा शिक्षण योजना’ सापडते. मात्र ही संख्या मधली पदे मोजते असे म्हणणे पुरेसे नाही. पदांना आपल्या जागेपासून किती सरकवावे लागते ते ती मोजते. म्हणून लगतच्या दोन पदांची अदलाबदल मान्य करावयाची तर २ ही संख्या लागते. क्रम महत्त्वाचा असेल तेथे मोठी संख्या देणे म्हणजे पदबंध-शोधाचा हेतूच सोडून देणे होय.

वगळलेल्या पदांचा परिणामही असाच विचारात घ्यावा लागतो. सूची करताना ‘व’ आणि ‘आणि’ वगळले असतील, तरी ल्युसीन त्यांची जागा रिकामी राखते. त्यामुळे “सत्य व अहिंसा” या शोधास “सत्य आणि अहिंसा” हेही सापडते. अर्थाच्या अभ्यासकास हा लाभ आहे, शैलीच्या अभ्यासकास ही हानी आहे. पण सूची करताना पदे वगळली आणि शोधताना वगळली नाहीत, तर ‘व’ हे पद सूचीत कोठेच नसल्यामुळे उत्तर अटळपणे शून्य येते. सूचीचा विश्लेषक आणि प्रश्नाचा विश्लेषक यांच्यातील विसंगती हे शून्य उत्तराचे एक अत्यंत सामान्य कारण आहे.

(४)

आतापर्यंतचे दोष यंत्रणेच्या रीतीतून येतात. मराठीच्या लेखनपद्धतीतून येणारे दोष त्याहून खोल आहेत. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले आणि अंत्य इकार-उकार दीर्घ केले. वर्ध्यातील पुष्कळसे महत्त्वाचे मराठी लेखन त्यापूर्वीचे आहे. विनोबा १९२१ साली वर्ध्यास आले आणि १९२३ साली ‘महाराष्ट्र धर्म’ निघाले. त्या काळच्या रीतीने छापलेल्या मजकुरात ‘केलें’, ‘तेथें’, ‘लोकांनीं’ अशी रूपे यावयाचीच. आजच्या लेखनाने केलेला पदबंध-शोध अशा मजकुरास स्पर्शही करीत नाही. ‘केले?’ असे लिहिल्याने केवळ जुने रूप सापडते, नवे सुटते. ‘केले*’ लिहिले तर दोन्ही मिळतात, पण ‘केलेला’, ‘केलेली’ही त्यांत मिसळतात. वर्ध्यास १९३६ साली स्थापन झालेली संस्था हिंदीत ‘राष्ट्रभाषा प्रचार समिति’ आणि मराठीत ‘राष्ट्रभाषा प्रचार समिती’ अशी लिहिली जाते. एका वेलांटीने दोन भाषांतील साहित्य परस्परांस अदृश्य होते.

याशिवाय डोळ्यास मुळीच न दिसणारे भेद आहेत. ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये स्वतंत्र ‘ऱ’ घेऊनही लिहिता येतो आणि साध्या ‘र’ नंतर हलन्तचिन्ह व अदृश्य जोडचिन्ह घालूनही लिहिता येतो. पृष्ठावर दोन्ही सारखेच दिसतात, सूचीत ती दोन पदे होतात. प्रमाणीकरण न करणाऱ्या संग्रहात ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दाची गणना म्हणूनच विश्वसनीय नसते.

यावर उपाय म्हणून पुष्कळदा ल्युसीनमधील हिंदीचा तयार विश्लेषक मराठी मजकुरास लावला जातो. लिपी एक आहे म्हणून रीतही एक चालेल, ही समजूत त्यामागे असते. तिची परीक्षा होणे अवश्य आहे. हा विश्लेषक अदृश्य जोडचिन्हे काढतो व ‘ऱ’ चा ‘र’ करतो. इतका लाभ मान्य केला पाहिजे. ऱ्हस्व-दीर्घही तो एक करतो. त्यामुळे ‘समिति’ व ‘समिती’ एकत्र येतात, ‘सूत’ व ‘सुताचा’ यांतील अडथळा नाहीसा होतो. पण त्याच न्यायाने धागा या अर्थाचे ‘सूत’ आणि पुत्र या अर्थाचे ‘सुत’, दिवस या अर्थाचे ‘दिन’ आणि दरिद्री या अर्थाचे ‘दीन’ हीही एक होतात. पुढे तो हिंदीचे प्रत्यय छाटतो. ‘योजना’ याचा अंत्यभाग त्यात जातो. ‘योजनेचा’ याचा केवळ शेवटचा काना जातो, कारण ‘चा’ हा प्रत्यय त्यास ठाऊक नाही. जी रूपे एक व्हावयास हवीत ती निराळीच राहतात.

तारांकित शोधाशी याची गाठ पडते तेव्हा परिणाम विपरीत होतो. ल्युसीनच्या अलीकडील आवृत्त्यांत तारांकित पदावर वर्णांचे प्रमाणीकरण होते, प्रत्यय-छाटणी मात्र होत नाही. म्हणून सूचीत छाटलेले पद आणि प्रश्नात ‘योजना*’ हे पूर्ण पद, अशी स्थिती उत्पन्न होते. ज्या लेखांत ‘योजना’ हा शब्द डोळ्यांना स्पष्ट दिसतो तेथेही ‘योजना*’ सापडत नाही, आणि तारका काढून ‘योजना’ लिहिले की सापडतो. तारका लावल्याने उत्तरे वाढावीत ही साधी अपेक्षा येथे उलटी ठरते. प्रत्यय छाटलेली एक सूची आणि अखंड पदांची दुसरी सूची अशा दोन सूची शेजारी ठेवून तारांकित व पदबंध-शोध दुसरीवर चालविणे, हाच मराठीपुरता निर्दोष मार्ग दिसतो.

(५)

यंत्रणेच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. वर वर्णिलेले बहुतेक दोष लपलेले नाहीत. ते तपासण्याची साधने याच यंत्रणांत आहेत. दिलेल्या वाक्याची विश्लेषक कोणती पदे करतो हे सोलर व इलॅस्टिकसर्च दोन्हींत पाहता येते. शून्य उत्तर आले असता प्रथम तेच पाहावे. नंतर ज्या पृष्ठावर शब्द आहे हे डोळ्यांनी वाचून निश्चित ठाऊक आहे, असे एक पृष्ठ घेऊन त्यातील शब्द एकेकटा शोधावा. तो सापडल्यावर पदबंध, त्यानंतर अंतराची सैलता आणि सर्वांत शेवटी तारका. ठाऊक असलेली गोष्ट जो शोध सापडवू शकत नाही, त्याच्या नकारास अज्ञात गोष्टीविषयी काहीही अधिकार नाही. हा क्रम उलटा केला, म्हणजे आरंभीच तारका व अवतरण एकत्र केले, तर दोष कोठे आहे हे कळण्याचा मार्गच बंद होतो.

शोधाखालचा मूळ पाठ शुद्ध असणे हेही तितकेच अवश्य आहे. गांधीजींच्या समग्र वाङ्मयाच्या सुधारित आवृत्तीत आणि तिच्या तबकडीत मजकूर गाळला गेल्याचे व क्रम बदलल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले, आणि शासनाने २००५ साली ती आवृत्ती मागे घेतली. त्या तबकडीत शोधाची सोय होती. पण जो मजकूर आतच नाही तो कोणत्या तारकेने सापडावा? त्या प्रकरणी दोष उघड झाला तो जुन्या छापील खंडांशी ताडून पाहिल्यामुळे.

सेगावच्या उदाहरणाकडे वळून पाहता या साऱ्याचे सार हाती येते. ‘?ेगा*व*’ असे सूत्र रचले तर सेगाव, सेगांव, शेगाव, शेगांव आणि त्यांची विभक्तिरूपे एका जाळ्यात येतील. ‘सेवाग्राम*’ हा दुसरा शोध त्यास जोडता येईल. परंतु जाळ्यात आलेल्या ‘शेगाव’ची दोन गावे वेगळी करण्याचे सामर्थ्य कोणत्याही सूत्रात नाही. तारका वर्ण जुळविते, अवतरण पदांची जागा जुळविते; स्थळाची ओळख पटविणे हे वाचणाऱ्याचेच काम राहते. म्हणून शब्दशोधावर आधारलेल्या कोणत्याही विधानासोबत अभ्यासकाने शोधाचे नेमके सूत्र, संग्रहाचे नाव आणि शोधाची तारीख द्यावी, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. हस्तलिखिताचा आधार देताना पत्रसंख्या देण्याचा दंडक संशोधनाने कधीच स्वीकारला आहे. ‘आढळत नाही’ या विधानास तोच दंडक लागू झाला, तर सेवाग्रामासंबंधीचे पुष्कळ निष्कर्ष पुन्हा तपासावे लागतील, आणि तपासणीअंती जे टिकतील तेच प्रमाण मानावे लागतील.